ब्राझीलचं इथेनॉल आलं, हिशोब तिकडेच राहिला

ऊस उत्पादकांच्या कुठल्याही मेळाव्यात हल्ली ब्राझील येतोच. साखर कमी करा, इथेनॉल वाढवा, ब्राझील बघा कुठं गेला! काष्टीच्या बाजारात बैलांच्या दावणीपाशीसुद्धा हे ज्ञान फुकट मिळतं. मी श्रीगोंदा तालुक्यात कुकडी कालव्याच्या आवर्तनाकडे डोळे लावून ऊस करणारा माणूस. म्हटलं, बघू या तरी.

पहिला फरक आभाळाचा. ब्राझीलचा निम्म्याहून अधिक ऊस साओ पावलो राज्यात होतो आणि तिथं वर्षाला साधारण तेराशे-चौदाशे मिलिमीटर पाऊस पडतो. बहुतेक ऊस त्याच पावसावर. आमच्याकडे पाचशेच्या आसपास पडला तरी पेढे वाटावेत. बाकीचं पाणी कुकडीचं नाहीतर घोडचं, आणि ते टेलपर्यंत येईतो कॅनॉलवर भांडणं. ब्राझीलची री ओढणाऱ्यांनी आधी एवढं सांगावं.

इतिहासही काही गोड नाही. 1532 मध्ये साओ व्हिसेंटीची वसाहत वसवणारा पोर्तुगीज मार्टिम अफॉन्सो डी सोझा तिथं उसाचे घाणे सुरू करून गेला आणि दहा वर्षांनी पोर्तुगीज भारताचा गव्हर्नर होऊन गोव्यात आला. तिथल्या उसात आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम राबले ते थेट 1888 पर्यंत.

इथेनॉलची गोष्ट मात्र खरोखर शिकण्यासारखी. 1973 ला तेल भडकलं, 1975 मध्ये ब्राझीलनं ‘प्रोआल्कूल’ योजना आणली, अल्कोहोलवर चालणाऱ्या गाड्या रस्त्यावर आल्या. मग 1989 च्या सुमारास साखरेला भाव आला, कारखाने साखरेकडे वळले, पंपावर इंधन मिळेना आणि लोकांचा विश्वास उडाला. तो परत आला 2003 नंतर, पेट्रोल आणि इथेनॉल कुठल्याही प्रमाणात चालवणाऱ्या फ्लेक्स गाड्यांमुळे. आज तिथला कारखाना भाव बघून साखर की इथेनॉल हे ठरवतो. आपल्याकडे 7 डिसेंबर 2023 ला, ऐन गाळपात, उसाच्या रसापासून इथेनॉल करायला केंद्रानं बंदी घातली. कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभारलेले कारखाने हात चोळत बसले. आठवडाभरात थोडी ढील मिळाली, पण पुढच्या हंगामासाठी मोकळीक मिळायला ऑगस्ट 2024 उजाडला.

आता माझ्या मतलबाचं. साओ पावलोत 1999 पासून ‘कोन्सेकाना’ नावाची व्यवस्था आहे. शेतकरी आणि कारखानदार दोघांच्या संघटना एकत्र बसतात. उसातून किती साखर निघू शकते ते मोजायचं आणि साखर व इथेनॉल दोन्हींच्या बाजारभावावरून शेतकऱ्याचा दर काढायचा. हे भाव गोळा करतं पिरासिकाबाचं विद्यापीठ केंद्र, कारखाना नव्हे. आकडे महिन्याच्या महिन्याला जाहीर. तिथं आपल्या एफआरपीसारखा, म्हणजे केंद्रानं ठरवलेल्या उसाच्या किमान दरासारखा, सरकारी आधार नाही, भाव पडला की शेतकरीही पडतो; शिवाय बराच ऊस कारखाने स्वतःच्या किंवा खंडाच्या जमिनीवर पिकवतात. तेव्हा एफआरपी सोडून ते सगळं उचला, असं मी मुळीच म्हणणार नाही.

पण आपल्याकडे वाटणीचं सूत्र नाही असंही नाही. 2012 मध्ये रंगराजन समितीनं साखर, मळी, बगॅस आणि प्रेसमडच्या उत्पन्नातला 70 टक्के वाटा उसाला द्या म्हणून सांगितलं. महाराष्ट्रानं 2013 मध्ये ऊसदराचा कायदा केला, ऊसदर नियंत्रण मंडळही नेमलं. त्या यादीत मळी आहे, मळीपासून होणारं इथेनॉल नाही. रसापासून थेट इथेनॉल काढलं तर मळीही उरत नाही, मग आमचा वाटा मोजायचा कशावर? एफआरपी हातात पडली की विषय संपला, असं आमच्या कारखान्याच्या संचालकांना वाटतं.

माझं म्हणणं एवढंच: एफआरपी तळाचा भाव म्हणून राहू द्या. तिच्यावर इथेनॉल धरून वाटणी करा. दर महिन्याला किती ऊस गाळला, किती साखर, किती लिटर इथेनॉल, काय भावानं गेलं, हे गेटवरच्या फळ्यावर लिहा, आणि ते आकडे कारखान्याबाहेरच्या कुणीतरी तपासलेले असू द्या. येत्या वार्षिक सभेत मी हा ठराव मांडणार आहे. अनुमोदक मिळाला आहे.