घर बांधताना आधी ऊनवाऱ्याला विचारा



सुगीचा पैसा हाती आला की पहिला विचार घराचा येतो. खारघरवरून जाताना उंच इमारती दिसल्या की वाटते, आपलेही तसेच चौकोनी सिमेंटचे घर असावे. पण जरा थांबा. खारघरला लागूनच बेलापुरात, डोंगराच्या पायथ्याशी ‘आर्टिस्ट व्हिलेज’ नावाची वसाहत आहे. वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांनी ती सिडकोसाठी आखली आणि 1983 ते 1986 या काळात ती उभी राहिली. शहरातली असली तरी मांडणी आपल्या वाडीसारखीच.

सात-सात घरे एका अंगणाभोवती. अंगण 8 मीटर लांब, तितकेच रुंद. एकेका घराला 45 ते 75 चौरस मीटर जागा, म्हणजे साधारण अर्धा ते पाऊण गुंठा. भिंत शेजाऱ्याशी सामाईक नाही. संसार वाढला की ज्याने त्याने आपल्या जागेत खोली काढावी. साध्या गवंड्याला जमेल असे काम आणि उतरते छप्पर. पुढे अनेकांनी तिथे मूळ घरे पाडून मजले चढवले, हेही खरे.

यातून आपण काय घ्यावे?

पहिले, छप्पर. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री तीच उष्णता खाली सोडतो. कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते. स्लॅबच घालायचा असेल तर उन्हाळ्याआधी त्यावर पांढरा चुना फासा.

दुसरे, पश्चिमेची भिंत. दुपारनंतरचे ऊन तीच खाते. त्या बाजूला पडवी काढा किंवा झाड लावा. कोकणात पाऊसही तिकडूनच झोडपतो, म्हणून पाखे चांगले पुढे काढा.

तिसरे, वारा. एका खिडकीने वारा खेळत नाही. समोरासमोर दोन हव्यात. चुलीच्या वर, छपराजवळ धुराला वाट ठेवा.

चौथे, पैसा. सगळे घर एकदम बांधण्यासाठी कर्जात बुडू नका. आज दोन खोल्या बांधा. तिसरीची जागा मात्र आजच आखून ठेवा. अंगण बुजवू नका.

आणि गवंड्याला बोलावण्याआधी घरातल्या बायकांना विचारा. घराच्या उकाड्यात आणि धुरात दिवस त्यांनाच काढायचा असतो.