होडीला इंजिन हवे. पण कोणाच्या मालकीचे?

कोकण किनाऱ्यावर वल्हे आणि शीड यांच्या बळावर मासेमारी करणाऱ्या कष्टकऱ्यापुढे आज एक प्रश्न आहे : होडीला लहानसे आउटबोर्ड इंजिन बसवावे की नाही? शहरातील निसर्गप्रेमी या प्रश्नाला चटकन नकार देतात. त्यांच्यापैकी कोणी ओहोटीच्या ओढीविरुद्ध तासभर वल्हे मारले असते, तर तो नकार इतक्या सहजपणे आला नसता. इंजिनामुळे अंगमेहनत वाचते, वारा फिरताच बंदर गाठता येते, मासळी ताजी असताना लिलावाला पोचते. हे लाभ खरे आहेत.

परंतु इंजिन होडीत एकटे येत नाही. पूर्वापार रीतीने मिळकतीतून होडीचा व जाळ्याचा वाटा निघतो, उरलेले वल्हवणाऱ्या गड्यांत वाटले जाते. इंजिन बसले की आधी इंधनाचा खर्च वजा होतो, मग इंजिनाचा म्हणून आणखी एक वाटा मालकाकडे जातो. आणि वल्ही थांबल्याने एक-दोन गड्यांचे कामच संपते. बँकेने कर्ज नाकारले तर व्यापारी उचल देतो. त्याची अट ठरलेली : मासळी त्यालाच, त्याच्याच भावाने. शिवाय बिगर-यांत्रिक होडीला पावसाळी बंदी लागू नाही. इंजिन बसताच ती सवलत जाते, कर्जाचा हप्ता मात्र त्या दोन महिन्यांतही थांबत नाही.

केरळने हे भोगले आहे. १९५२ च्या करारातून उभा राहिलेला भारत-नॉर्वे प्रकल्प पारंपरिक मच्छीमारांच्या उन्नतीसाठी होता. पुढे कोळंबीच्या निर्यातीमागे धावणारे ट्रॉलर वाढले आणि लाभ भांडवलवाल्यांकडे गेला. १९८० नंतर तेथील गरीब मच्छीमारांनी होड्यांना इंजिने लावली ती हौसेने नव्हे, ट्रॉलरपुढे टिकून राहण्यासाठी. कर्ज आणि इंधनाचा बोजा त्यांच्याच माथी आला.

महाराष्ट्रात १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे, २०१६ साली पर्ससीन जाळ्यांवर निर्बंधही आले. हे नियम पाण्यावर पाळले गेले, तर किनाऱ्याजवळची मासळी लहान होडीला मिळेल आणि इंजिनाची निकडही काही अंशी कमी होईल. तोवर ज्यांना इंजिन अपरिहार्य आहे, त्यांच्यासाठी ते मच्छीमार सहकारी सोसायटीने घ्यावे, हप्ते हंगामाशी बांधावेत आणि वाट्याचा करार इंजिन बसण्यापूर्वी सर्व गड्यांसमोर लेखी व्हावा. किनारपट्टीवरील कार्यकर्त्यांनी यंदाच्या पावसाळी बंदीत, नौका किनाऱ्याला लागलेल्या असताना, ही मागणी गावोगावच्या सोसायट्यांच्या सभांत मांडावी.