पावसाचें पाणी कोणाच्या दारीं?

ता. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला, नागनदी फुगली व कांठच्या वस्त्यांत पाणी शिरलें. महानगरपालिकेवर सर्वांनीं तोंडसुख घेतलें. तें अगदींच अस्थानीं नव्हतें. पण गच्चीचें पाणी मलवाहिनींत सोडणाऱ्या घरमालकांस आम्हीं काय म्हणावें? मैल्याच्या मानानें बेतलेली ती नळी मुसळधार पावसांत तुंबते, आणि घाण उसळते ती सखल भागांतील शेजाऱ्याच्या मोरींत! कित्येकांनीं उलट सांडपाणीच पावसाळी गटारांत सोडलें आहे. तें नाल्यावाटे नागनदीस मिळतें. (नदी ती आतां नांवापुरतीच.) मात्र जेथें पावसाळी गटारच नाहीं, तेथें मालकानें जोडणी करावी कोठें? त्यास दंड कोणत्या न्यायानें? आमची मागणी इतकीच, कीं महानगरपालिकेनें आधीं गटार घालावें, त्याची पातळी व उतार प्रत्येक मालकास लेखी कळवावा, आणि मगच नोटीस धाडावी.