कीबोर्ड थांबला तर काही बिघडत नाही

अ‍ॅरेंजर कीबोर्ड वाजवणाऱ्यांबद्दल माझं एक मत आहे, आणि मी त्यांच्यातलाच असल्यामुळे बिनधास्त मांडतो. गाण्याची लय जिथे बदलते तिथे आपण कीबोर्ड थांबवायला घाबरतो. आणि त्या भीतीपायी गाणंच कापतो.

ज्यांना हे यंत्र माहीत नाही त्यांच्यासाठी (म्हणजे आमचे बहुतेक नातेवाईक!) थोडक्यात सांगतो. डाव्या हाताने कॉर्ड दाबली की मागे तबला, ढोलक, बेस, गिटार असं सगळं आपोआप वाजायला लागतं. उजव्या हाताने आपण चाल वाजवायची. मागे वाजणाऱ्या त्या तयार साच्याला स्टाइल म्हणतात. एकट्या माणसाचा ऑर्केस्ट्राच म्हणा ना. पण प्रत्येक स्टाइलच्या मात्रा ठरलेल्या असतात. बहुतेक ठिकाणी चार, काही ठिकाणी तीन किंवा सहा. तबलजी गायकाच्या तोंडाकडे बघून थांबतो. स्टाइल कोणाकडे बघत नाही. गायकाने श्वास घेतला, ओळ लांबवली, कडवं अर्ध्यावर सोडलं, तरी तिचं आपलं धा धिं धिं धा चालूच.

याची खरी परीक्षा कुठल्या कठीण नाट्यपदात होते असं तुम्हाला वाटत असेल. नाही. ती दरवर्षी गणपतीत, घरच्या आरतीला होते. आरत्यांपर्यंत ठीक असतं. बहुतेक आरत्या केरव्यावर निभावून जातात. मग 'येई हो विठ्ठले' येते आणि त्यात एक ओळ लांबवण्याची चढाओढ लागते. कोणाचा दम किती टिकेल हे आधी कोणाला माहीत? तिथे केरव्याच्या मात्रा मोजत बसणारा कीबोर्ड हमखास पुढे निघून जातो.

आणि मग 'घालीन लोटांगण'. हे आपण एकच गाणं म्हणून म्हणतो, पण ते पाच वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या पाच तुकड्यांचं आहे. पहिलं कडवं मराठी, पुढचं सगळं संस्कृत. 'कायेन वाचा' भागवताच्या अकराव्या स्कंधातलं. 'अच्युतं केशवं' शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या अच्युताष्टकातलं. तुकडे वेगळे म्हणजे वृत्तंही वेगळी. 'त्वमेव माता' उपेंद्रवज्रा, ओळीत अक्षरं ११, मात्रा १७. 'कायेन वाचा' इंद्रवज्रा, अक्षरं तितकीच पण मात्रा १८. आणि 'अच्युतं केशवं' म्हणजे स्रग्विणी. गुरू, लघू, गुरू असा पाच मात्रांचा गट चार वेळा, एकूण २०. शेवटी 'हरे राम' येतं तेव्हा सगळ्यांच्या टाळ्यांना वेग चढलेला असतो. त्यानंतरच्या मंत्रपुष्पांजलीला तर तालच नसतो!

आता वृत्तातली मात्रा आणि तबल्यावरची मात्रा एकच नव्हे, हे मला मान्य आहे. गाताना अक्षर ताणता येतं, पाचाचे सहा किंवा आठ करता येतात, आणि घरोघरी तसं करतातच. पण कुठे ताणायचं आणि दोन ओळींच्या मध्ये किती थांबायचं हे प्रत्येक घराचं वेगळं असतं. आमच्याकडे 'त्वमेव माता' संपल्यावर सगळे क्षणभर थांबतात. शेजारच्या घरी श्वाससुद्धा न घेता पुढचं सुरू. ही काही चूक नव्हे. कुठल्या तरी आजीने पन्नास वर्षांपूर्वी लावलेली ती सवय आहे. स्टाइल चालू ठेवून वाजवणारा माणूस दोन वर्षांत ती सवय मोडतो. लोक आपोआप कीबोर्डच्या मागे जायला लागतात, आणि तिसऱ्या वर्षी मुलांना वाटतं की हे असंच म्हणायचं असतं. माझा खरा आक्षेप इथे आहे.

मग करायचं काय? माझी पद्धत साधी आहे. बहुतेक कीबोर्डांवर सिंक स्टार्ट आणि सिंक स्टॉप अशी दोन बटणं असतात. सिंक स्टॉप चालू असलं की डावा हात उचलताच ठेका थांबतो आणि पुन्हा कॉर्ड दाबली की पहिल्या मात्रेपासून सुरू होतो. ओळ लांबली की हात उचलायचा. सगळे समेवर आले की हात ठेवायचा. बस्स! उजव्या हाताने सूर धरून ठेवला की पोकळी वाटत नाही. काही महागड्या कीबोर्डांवर ठेका चालू असतानाच एक बटण दाबून पुन्हा पहिल्या मात्रेवर येता येतं. ज्यांच्याकडे ती सोय आहे त्यांनी ती जरूर शिकून घ्यावी. पण 'घालीन लोटांगण'ला मी स्टाइल पूर्ण बंद करतो. ऑर्गन किंवा हार्मोनियमचा आवाज लावतो आणि झांजा-टाळ्यांवर सोडून देतो. मंत्रपुष्पांजलीला तर कीबोर्डवरून हातच काढून घेतो.

लग्नसराईत गोष्ट वेगळी. आमचं चेणे घोडबंदर रस्त्यावर. एका बाजूला नॅशनल पार्कचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी. या पट्ट्यातल्या आगरी-कोळी गावांत हळदीला कीबोर्ड थांबवून चालत नाही, नाचणारे मारतील! तिथे कोळीगीतांचा सहाचा ठेका आणि सिनेमाच्या गाण्याचा आठचा, असं सारखं इकडून तिकडे जावं लागतं. यातली मेख अशी की नाचणाऱ्याच्या पायाला टाळी तीच लागली पाहिजे. आठच्या ठेक्यात एका टाळीत दोन छोट्या मात्रा येतात, सहाच्या ठेक्यात तीन. म्हणून अनेक कीबोर्डांवर केरव्याचा टेम्पो १०० असेल तर कोळी ठेक्याचा १५० ठेवावा लागतो. (आपापल्या कीबोर्डवर एकदा टाळ्या मोजून बघा, टेम्पो मोजायची पद्धत सगळीकडे सारखी नसते.) दोन्ही ठेके टेम्पोसकट रजिस्ट्रेशन मेमरीत ठेवले की एका बटणावर काम होतं. फक्त बटण शेवटच्या मात्रेच्या आधी दाबायचं, कारण नवा ठेका साधारणपणे पुढचं आवर्तन सुरू होतानाच लागतो. मात्र त्याच मांडवात धवलारीण धवळे म्हणायला बसली की कीबोर्डवाल्याने गप्प बसावं. ते वाद्याशिवायच म्हणायचे असतात आणि तसेच चांगले लागतात.

आता रूपकाबद्दल. 'अनपढ' (१९६२) मधलं मदनमोहनचं 'आप की नज़रों ने समझा' आणि 'सरफरोश' (१९९९) मधलं जगजित सिंगांनी गायलेलं 'होशवालों को खबर क्या', ही दोन्ही गाणी सात मात्रांची आहेत. दोन्हींचे शब्द गालगागा या सात मात्रांच्या गटावर बसवलेले. म्हणजे सात हा आकडा संगीतकाराने हौसेने आणलेला नाही, तो कवितेतच आहे. सात मात्रांची स्टाइल सापडत नाही म्हणून मंडळी ही गाणी सर्रास आठात वाजवतात. मग दर आवर्तनाला एक फालतू मात्रा उरते आणि शब्द तिथे लंगडतात. त्यापेक्षा स्टाइल बंद ठेवून डाव्या हाताने तीन-दोन-दोन अशा कॉर्ड वाजवा. सरावापुरता मेट्रोनोमचा ठोका दर सातव्या मात्रेनंतर लावता येतो. आठवडाभरात हातात बसतं.

यंत्राला हे जमणारच नाही असंही नाही हं. तुर्की गाण्यांसाठी नऊ मात्रांच्या स्टाइल बनतात, कारण तिथले लोक त्या मागतात. आपल्याकडे यामाहा आणि कॅसिओने खास भारतासाठी कीबोर्ड काढले, त्यात तबला-ढोलकाचे ठेके दिले. आपण मागितलं तर रूपक आणि झपतालही चांगले मिळतील. पण सगळं आठात कोंबून आपलं भागतंय म्हटल्यावर कोण कशाला देईल?

माझे एक वादक मित्र म्हणतात, "अरे, ठेका थांबला की कार्यक्रम पडतो. लोकांना जोश हवा असतो." त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पैसे घेऊन वाजवणाऱ्याला ही चैन कमीच परवडते. पण जोश ठेक्यामुळे येतो हे मला पटत नाही. आरतीला शंभर वर्षांपूर्वी कुठे होता कीबोर्ड? जोश येतो तो सगळ्यांनी एकदम समेवर येण्यातून. आणि एकदम यायचं तर कोणीतरी कोणासाठी तरी थांबावंच लागतं. सगळ्यात मागे असलेल्या म्हाताऱ्या आत्याला दम घ्यायला वेळ मिळाला पाहिजे, छोट्या पोरांना शब्द आठवायला वेळ मिळाला पाहिजे. हे बघणं कीबोर्डला येत नाही, ते काम वाजवणाऱ्याचं.

असो. यंदा गणपतीत कोणी कीबोर्ड काढणार असाल तर आधी एकदा घरच्यांना वाद्याशिवाय 'घालीन लोटांगण' म्हणायला लावा आणि ते कुठे कुठे थांबतात ते वहीत लिहून ठेवा. मला तरी एवढ्या वर्षांत दोन घरांत तेच थांबे सापडलेले नाहीत.