३९९५ मिलिमीटरची एसयूव्ही

नेक्सॉन, ब्रेझा, व्हेन्यू आणि बोलेरो. चौघींची घराणी वेगळी, पण लांबी एकच: ३९९५ मिलिमीटर. हा योगायोग नव्हे. २००६च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांचं उत्पादन शुल्क उतरलं आणि छोटी गाडी म्हणजे काय तेही ठरलं. लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५००पर्यंत. तेव्हापासून आपल्याकडे गाडीचं माप रस्ता कमी आणि अर्थखातं जास्त ठरवतं. चार मीटरच्या पलीकडे गेलेली बोलेरोसुद्धा २०१६ साली अंग चोरून या रेषेच्या आत आली. २२ सप्टेंबर २०२५पासून आतल्यांना १८ टक्के जीएसटी, बाहेरच्यांना ४०. म्हणजे हे पाच मिलिमीटर इतक्यात कोणी सोडणार नाही.

ब्रेझाची तर गंमतच आहे. २०१६ मध्ये ती १२४८ सीसीच्या डिझेल इंजिनासह आली, तेव्हा सवलतीत बसत होती. २०२० मध्ये डिझेल गेलं, १४६२ सीसीचं पेट्रोल आलं आणि सवलत हातची गेली. आखूड शेपूट मात्र तशीच राहिली.

म्हणून शोरूममध्ये ‘कॉम्पॅक्ट’, ‘मिड-साइझ’ या पाट्या वाचून गाडीची जात कळत नाही. त्यासाठी खाली वाकून बघावं लागतं. बोलेरो चेसीवर बांधलेली आहे, तिची ताकद मागच्या चाकांना जाते. माणसं आणि माल भरून खडीच्या वाटेवर वर्षानुवर्षं आपटली तरी ती तक्रार करत नाही. नेक्सॉन मोनोकॉक आहे, म्हणजे तिला वेगळी चेसी नाही, आणि ती पुढच्या चाकांवर चालते. खरं तर ती उंच हॅचबॅकच. यात कमीपणा काहीच नाही. उलट मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर वळण घेताना बोलेरोपेक्षा नेक्सॉनमध्ये बसलेलं बरं. पण ‘एसयूव्ही घेतली’ म्हणून पावसाळ्यात शेताच्या चिखलात घालणाऱ्यानं आधी ट्रॅक्टरवाल्याचा नंबर घेऊन ठेवावा. फोर बाय फोर हवी असेल तर थारकडे बघा, पण तिथंही जपून: दीड लिटर डिझेलची थार फक्त मागच्या चाकांवर चालते. रुबाब तोच, रुतल्यावरचा अनुभव वेगळा.

तिसरी रांग हा आणखी एक मोह. हॅरियर आणि सफारी या मुळात एकाच घडणीच्या. सफारी जराशी लांब आणि मागे दोन जागा जास्त. तिथं शोरूममध्येच सासूबाईंना बसवून बघावं, स्वतः बसू नये.

आणि रुंदी? तिच्यावर करखात्यानं बोटही ठेवलेलं नाही. लांबीत अडलेल्या गाड्या मग आडव्या वाढल्या. नेक्सॉन १८०४ मिलिमीटर रुंद आहे आणि तिच्याहून फूटभर लांब असलेली क्रेटा १७९०! मारुती ८००च्या काळात आखलेल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ‘छोटी’ एसयूव्ही लांबीत छान मावते, फक्त दार उघडत नाही. बुकिंगआधी टेप घेऊन खाली जा. आरसे धरून मोजा. माहितीपत्रकातल्या रुंदीत ते बहुतेक वेळा धरलेले नसतात.