मंडळी ओस का पडते?

मराठी ख्रिस्ती समाजाने चर्चला ‘मंडळी’ हा शब्द योजिला, तो मोठा मार्मिक आहे. मंडळी म्हणजे माणसे. तथापि उपासनेस बाके रिकामी दिसू लागली की तरुणांच्या नास्तिक्यास दोष देऊन मोकळे होण्याची चाल पडली आहे. ती आम्हांस मान्य नाही. अकोल्यासारख्या डोंगराळ तालुक्यातून तरुण पोटासाठी पुण्या-मुंबईस जातात. तेवढ्याने त्यांची श्रद्धा सुटत नाही. मागे राहिलेले त्यांची विचारपूस करीत नाहीत, तेव्हा नाते सुटते.

दुसरे कारण जुने आहे. नगरास अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८३१ साली सुरू झाले. शाळा व वसतिगृहे यांचे त्याचे ऋण कोण नाकारील? परंतु परक्या द्रव्यावर वाढलेल्या मंडळीस स्वतःचा भार वाहण्याची सवय लागत नाही. हे दुखणे नगरास अनेक वर्षे राबलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ओळखिले होते. म्हणूनच १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला, आणि भजन-कीर्तनाची देशी वाट धरिली.

मग उपाय कोणता? मंडळीने परगावी गेलेल्यांशी पत्राने, फोनने संबंध राखावा. पैशाचा हिशेब सर्वांपुढे मांडावा. कारभारात तरुणांस व स्त्रियांस खरा अधिकार द्यावा. आणि उपासनेत आपल्या मातीचा सूर घुमू द्यावा. मालमत्तेच्या तंट्यांत जितका उत्साह दिसतो, त्याचा चतुर्थांश जरी शेजारच्या आजाऱ्याच्या उशाशी खर्चिला, तरी ओस मंदिरे पुन्हा भरतील, असे आमचे स्पष्ट मत आहे.