संगणकाचं डोकं बदलायचं, पण कोणतं?

मागच्या खेपेला संगणक साफ कसा करायचा ते सांगितलं होतं. किती जणांनी केला? हात वर करा पाहू! माझ्या सख्ख्या भाच्यानंसुद्धा केला नव्हता, म्हणजे बघा.

हा भाचा राहतो भंडारा जिल्ह्यात, लाखनीला. नववीत आहे. दिवाळीनंतर ताईकडे गेलो, तर पायातले जोडे काढायच्या आत स्वारी पुढ्यात हजर.

“मामा, माह्या संगणकाचा प्रोसेसर बदलून द्या ना. गेम खेळताना मधातच अटकते. पैसे आहेत माह्याजवळ!”

पैसे खरंच होते. दोन वर्षांची ओवाळणी, आजीनं वेळोवेळी हातावर ठेवलेल्या नोटा आणि सुट्टीत भाऊजींच्या कृषी केंद्रात बसल्याबद्दल मिळालेली मजुरी, असे सगळे मिळून दहा हजारांना थोडे कमी. पण एका दुकानदारानं त्याला सांगून ठेवलं होतं की नुसता प्रोसेसर बदलून भागणार नाही, बोर्ड, मेमरी सगळंच बदलावं लागेल, पंचवीस हजार आणा. भाऊजींनी हिशेब ऐकला आणि एकच शब्द उच्चारला, “नाही.” घरात दोन दिवस अबोला!

आता खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर होतं आणि दोघांचंही चूक होतं. कसं ते बघा.

आधी संगणकाच्या पोटात काय काय आहे ते पाहिलं. हे तुम्हालाही करता येईल. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘परफॉर्मन्स’वर गेलं की प्रोसेसरचं नाव, मेमरी, ग्राफिक कार्ड सगळं दिसतं. भाच्याकडे निघाला रायझन 3 2200जी, 2018 साली आलेला, चार कोअरचा. मेमरी 8 जीबी, तीही एकाच पट्टीत. ग्राफिक कार्ड जीटीएक्स 1650, मागच्या वर्षी कुणाकडून तरी जुनं घेतलेलं. आणि बोर्ड बी450. बोर्डाचं नाव बघितलं आणि मला जरा हायसं वाटलं. का, ते पुढे सांगतो.

गेम अडखळला की दोष प्रोसेसरचाच, असं सगळे धरून चालतात. पण तुमच्याकडच्या राइस मिलचं उदाहरण घ्या. मिल म्हणजे ग्राफिक कार्ड, पोत्यातला धान ओतणारा माणूस म्हणजे प्रोसेसर. पडद्यावर चित्र रंगवायचं काम कार्डाचं, पण कुठला गडी कुठे उभा आहे, गोळी कुठे लागली, भिंत कुठे आहे, हा हिशेब प्रोसेसर करून देतो आणि मग कार्ड चित्र काढतं. माणूस हळू असेल तर मिल रिकामी घरघरत राहते. मिलच लहान असेल तर माणूस पोतं खांद्यावर घेऊन ताटकळतो. आपल्याकडे नेमकं कोण कुणासाठी थांबलंय, हे ओळखल्याशिवाय खिशात हात घालायचा नाही.

ओळखायची युक्ती सोपी आहे. गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन पडद्याचं रेझोल्युशन कमी करा, 1920 बाय 1080 वरून 1280 बाय 720. वीस लाख ठिपक्यांच्या जागी नऊ लाखच रंगवायचे, म्हणजे कार्डाचं काम निम्म्याहून कमी झालं. आता गेम पळायला लागला तर कमी पडत होतं कार्ड. आणि काहीच फरक पडला नाही, तर समजा की प्रोसेसर धापा टाकतोय.

आम्ही करून पाहिलं. ढिम्म फरक नाही! प्रोसेसर शंभर टक्के, कार्ड पन्नाशीच्याही खाली. भाचा उड्या मारायला लागला. “पाहा, मी म्हटलं होतं ना!”

“थांब,” म्हटलं, “आधी डबा उघड.”

डबा उघडला आणि आतलं दृश्य काय वर्णावं! घराशेजारीच मळणी झालेली. धानाचा सगळा भुसा पंख्याच्या पात्यांवर आणि खालच्या पत्र्यांत जाऊन बसलेला. त्या पत्र्यांमधून हवा खेळली तरच प्रोसेसर थंड राहतो. फार तापला की तो जळू नये म्हणून स्वतःहून वेग कमी करतो. म्हणजे गेम अडखळणारच की. बटण बंद केलं, वायर काढली, पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवलं आणि मऊ ब्रशनं सगळं झाडलं. नव्वदीच्या पार गेलेलं तापमान सत्तरीत आलं. आपल्याकडे नवतपा लागला की घरातला कूलरसुद्धा हात टेकतो, तिथे या बिचाऱ्या पंख्याची काय कथा!

मग मेमरी. एक पट्टी म्हणजे एकपदरी रस्ता, दोन पट्ट्या म्हणजे दुपदरी. 2025 च्या अखेरीस मेमरीचे भाव असे भडकले की नवी पट्टी घ्यायची माझीच छाती होईना. पण माझ्या ड्रॉवरमध्ये तशीच एक जुनी 8 जीबीची पडून होती, ती येताना पिशवीत टाकली होती. ती झाली मामाची दिवाळी.

एवढं करून गेम बराच सुधारला. पण गर्दीची लढाई आली की पुन्हा हिसका बसायचाच, आणि टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर पुन्हा शंभरावर. म्हणजे भाच्याचं निदान शेवटी खरं ठरलं. पंचवीस हजारांचं मात्र नाही.

आता बी450 पाहून मला हायसं का वाटलं, ते ऐका. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिला सॉकेट म्हणतात. भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध. तिथल्या कारागिराला विचारा, कुठल्याही डब्याला कुठलंही झाकण बसतं का? तसंच हे. एएमडी कंपनीचं एएम4 नावाचं सॉकेट 2016 साली आलं आणि कंपनीनं ते वर्षानुवर्षं चालवलं. त्यामुळे 2018 च्या बोर्डावर 2022 साली निघालेला प्रोसेसर बसू शकतो. डबा तोच, झाकण नवं! इंटेलचं उलटं. त्यांचं 1151 नावाचं सॉकेट सातव्या पिढीलाही होतं आणि 2017 साली आलेल्या आठव्या पिढीलाही. खाच दिसायला तीच, पण आठव्या पिढीचा प्रोसेसर जुन्या बोर्डावर चालेना. कितीतरी जण फसले.

हा झाकणांचा खेळ जुनाच आहे बरं का. पुण्यात जन्मलेले विनोद धाम हे अभियंते इंटेलमध्ये होते. 1993 साली आलेल्या पेंटियममागे त्यांचा मोठा हात, म्हणून त्यांना पेंटियमचे जनकच म्हणतात. पुढे ते नेक्सजेन नावाच्या कंपनीत गेले. ती कंपनी एएमडीनं विकत घेतली आणि 1997 साली त्यातून के6 हा प्रोसेसर आला. गंमत म्हणजे तो पेंटियमच्याच सॉकेट 7 मध्ये बसायचा! आपल्याच जुन्या पोराला टक्कर द्यायला नवं पोर उभं केलं, तेही त्याच खुर्चीत बसणारं आणि किमतीनं स्वस्त.

असो. आमच्यापुढे तीन नावं होती. रायझन 5 5500, रायझन 5 5600 आणि रायझन 5 5600जी. तिन्ही सहा कोअरचे, बारा थ्रेडचे. कोअर म्हणजे काय? रोवणीला चार बाया लावल्या की सहा, एवढाच फरक. आपल्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर यांनी पुण्याच्या सी-डॅकमध्ये 1991 साली परम 8000 हा महासंगणक उभा केला, तोही याच हिशेबानं. एक राक्षसी प्रोसेसर नव्हे, तर पुष्कळ छोटे प्रोसेसर मिळून एक काम. पण गेममध्ये नुसत्या बाया वाढवून भागत नाही. प्रत्येकीचा हातही चपळ पाहिजे, आणि पऱ्ह्यांच्या पेंढ्या जवळ पाहिजेत. दर वेळी बांधापर्यंत चालत जायचं म्हटलं की दिवस गेला. या जवळच्या पेंढ्या म्हणजे प्रोसेसरची कॅश. 5600 मध्ये ती 32 एमबी आहे, बाकी दोघांत 16. गेमला हा फरक जाणवतो.

मग 5600जी कुणासाठी? ज्यांच्याकडे वेगळं ग्राफिक कार्ड नाही त्यांच्यासाठी. त्याच्या पोटातच चित्र काढायची सोय आहे. 5500 आणि 5600 मध्ये ती नाही. हे नीट लक्षात ठेवा! कार्ड नसलेल्या संगणकात 5600 बसवला तर पंखे फिरतील, दिवे लागतील आणि पडदा काळाच राहील. इंटेलच्या नावापुढे ‘एफ’ असेल तर तिथेही हीच गत.

आमच्याकडे कार्ड होतं, त्यामुळे जी बाद. 5500 सहसा स्वस्त मिळतो. भाचा म्हणाला, “मामा, उरलेल्या पैशात हेडफोन येते.” मोह बरोबर ओळखला मी! पण हा संगणक पुढची चार-पाच वर्षं बदलला जाणार नव्हता, म्हणून मी 5600 च्या बाजूचा. ज्यांचं बजेट खरोखरच ताणलेलं आहे त्यांनी 5500 घेतला तरी 2200जी पेक्षा तो कितीतरी पुढे आहे, वाईट वाटून घेऊ नये. आणखी एक. 2200जी 65 वॅटचा आणि 5600 सुद्धा 65 वॅटचाच, त्यामुळे पॉवर सप्लाय बदलायची भानगड नाही.

राहिले भाऊजी. पालकहो, हा परिच्छेद तुमच्यासाठी. भाऊजींचं म्हणणं, खेळण्यासाठी दहा हजार कशाला? त्यांना मी गेमचं नावही काढलं नाही. कृषी केंद्राची बिलं, खताचा साठा, उधारीची वही सगळं याच संगणकावर, आणि त्यात अजून विंडोज 10. तिला कंपनीकडून मिळणारा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11 साठी चालणाऱ्या प्रोसेसरांची जी अधिकृत यादी आहे, तिच्यात 2200जी नाही, 5600 आहे. भाऊजी बराच वेळ चहा ढवळत बसले. मग म्हणाले, “असं आहे तर निम्मे मी देतो. त्याचे पैसे त्याच्याजवळच राहू द्या.” भाच्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

नागपूरला सीताबर्डीत तीन दुकानांत भाव विचारला, तिन्हीकडे वेगळा! पक्कं बिल घेतलं आणि सीलबंद डब्यातलाच घेतला. डब्यातल्याबरोबर पंखा मिळतो आणि तीन वर्षांची वॉरंटी असते. ‘ट्रे’तला सुटा प्रोसेसर थोडा स्वस्त पडतो, पण त्यावर हे दोन्ही असेलच असं नाही.

बसवण्याआधीचं एक काम मात्र विसरू नका. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर, तुमच्या बोर्डाच्या पानावर, कुठला प्रोसेसर चालतो आणि त्याला बायॉसची कुठली आवृत्ती लागते याची यादी असते. ती बघून, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायॉस नवी करायची. आधी प्रोसेसर बदलला तर बोर्ड त्याला ओळखतच नाही. आणि हे काम चालू असताना वीज गेली तर बोर्ड कायमचा झोपू शकतो. आम्ही संगणक दुकानातल्या यूपीएसवर नेऊन केलं. तुमच्याकडे यूपीएस नसेल तर शेजाऱ्यांकडे मागा, उगाच नशिबावर हवाला ठेवू नका.

शेवटी पंखा काढायचा. इथे माझी एक जुनी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी ऐन थंडीत मी पंखा सरळ वर ओढला. मधला लेप वाळून घट्ट झालेला, त्यामुळे प्रोसेसर पंख्याला चिकटून सॉकेटमधून उपटून आला! एएम4 च्या प्रोसेसरला खाली 1331 पिना असतात, केसासारख्या. चार वाकल्या. त्या सरळ करता करता एक तुटली आणि प्रोसेसर गेला. दोष सगळा माझ्या घाईचा. म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटं गेम चालवून लेप गरम होऊ द्यायचा, मग संगणक बंद करून, वायर काढून, पंखा हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवायचा. नवा प्रोसेसर कोपऱ्यावरचा त्रिकोण जुळवून नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. तो आपसूक बसतो. डब्यातल्या पंख्याला लेप लावलेलाच असतो. नसेल तर तुरीच्या दाण्याएवढा पुरे.

भाच्यानं सगळं स्वतः केलं. मी फक्त टॉर्च धरला होता. बटण दाबलं तर पडदा काळा! दोन मिनिटं कुणी श्वास घेईना. मग ताईनंच विचारलं, “अरे, ही वायर बाहेर काऊन लोंबते?” मॉनिटरची वायर कार्डाला लावायची राहिली होती.

आता तुमसरच्या एका वाचकमित्राचं पत्र. त्याच्याकडे इंटेलचा आय5 7400 आहे आणि बोर्ड एच110. मित्रा, तुझ्या बोर्डावर फार तर आय7 7700 बसेल, तोही जुनाच शोधावा लागेल, आणि विंडोज 11 च्या यादीत तोही नाही. त्यात पैसे घालू नकोस. थोडं थांब आणि पुढे एच610 बोर्ड आणि आय3 12100एफ किंवा आय5 12400एफ अशी जोडी बघ. एच610 चे काही बोर्ड डीडीआर4 मेमरी घेतात. तुझी मेमरी डीडीआर4 असेल तर तीच वापरता येईल. तुझ्याकडे ग्राफिक कार्ड आहे की नाही, हे तू लिहिलंच नाहीस! ते पुढच्या पत्रात कळव. बाकीच्यांनीही लिहिताना बोर्डाचं पूर्ण नाव, मेमरीच्या पट्ट्या किती आणि कार्ड कुठलं, एवढं न विसरता लिहा.